बंदुकीचा प्रश्न वयाने सुटणार नाही

अमेरिकेतल्या बंदुकीच्या प्रश्नाबद्दल एक समजूत तिथे आणि आपल्याकडेही चांगलीच रुजली आहे. जुनी पिढी बंदूक सोडायला तयार नाही, नव्या पिढीला ती नकोशी झाली आहे, तेव्हा आणखी वीस-पंचवीस वर्षे गेली की कायदे आपोआप कडक होतील, अशी ती समजूत. १४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडातल्या पार्कलँड इथल्या शाळेत १७ जण मारले गेले. पुढच्या सहा आठवड्यांच्या आत, २४ मार्चला, त्याच शाळेतल्या मुलांच्या हाकेवर वॉशिंग्टनसह शेकडो शहरांत मोर्चे निघाले आणि ही समजूत आणखी बळावली. त्या चळवळीत काम केलेला मॅक्सवेल फ्रॉस्ट २०२२ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी प्रतिनिधीगृहावर निवडून आला, तेव्हा तर ती खरीच ठरल्यासारखे अनेकांना वाटले. त्या मुलांच्या धैर्याबद्दल मनात आदरच आहे. तरीही पिढीच्या भरवशावर राहायला पुराव्याचा आधार मिळत नाही. दोन पिढ्यांत फरक आहे आणि तो मोठा आहे. मात्र कायदा कडक हवा की सैल, या प्रश्नावर तो आपण मानतो तेवढा दिसत नाही. बंदूक घरात कशासाठी ठेवायची, या प्रश्नाचे उत्तर पिढीगणिक बदलले आहे. आणि नवे उत्तर जुन्यापेक्षा जास्त काळजी करायला लावणारे आहे.

आधी जुन्या पिढीबद्दलचा गैरसमज दूर करायला हवा. गॅलप या संस्थेने १९५९ मध्ये अमेरिकी नागरिकांना विचारले होते की पोलीस आणि अधिकृत व्यक्ती सोडून इतरांना पिस्तूल-रिव्हॉल्व्हर बाळगायला कायद्याने बंदी असावी का. ६० टक्के लोकांनी होकार दिला. २०२१ मध्ये तोच प्रश्न विचारला, तेव्हा होकार १९ टक्क्यांवर घसरला होता. म्हणजे आजच्या तरुणांचे आजी-आजोबा ज्या अमेरिकेत वाढले, तिथे पिस्तुलावर बंदी हवी असे म्हणणारे बहुसंख्य होते. १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांच्या वर्षी, संसदेने कायदा करून परवानाधारक दुकानदारांना २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाला पिस्तूल आणि १८ वर्षांखालच्याला रायफल विकायला मनाई केली. नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ मध्ये निघाली ती नेमबाजी सुधारण्यासाठी, आणि शंभर वर्षे तिचे मुख्य काम तेच राहिले. १९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनात कडव्या गटाने संघटना ताब्यात घेतली आणि तिथून तिचे सारे लक्ष राजकारणाकडे वळले. १९९४ मध्ये लष्करी धाटणीच्या रायफलींवर बंदी घालणारा कायदा संसदेपुढे होता, तेव्हा त्याला पाठिंबा देणाऱ्या पत्रावर फोर्ड, कार्टर आणि रेगन या तीन माजी अध्यक्षांच्या सह्या होत्या. त्यांतले दोघे रिपब्लिकन. ती बंदी दहा वर्षांची होती, २००४ मध्ये ती संपू दिली गेली. दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची, पण स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवण्याचा हक्क नागरिकाला व्यक्ती म्हणून आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २००८ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी. आज जे सव्वादोनशे वर्षांची परंपरा म्हणून मांडले जाते, त्यातले बरेचसे गेल्या पन्नास वर्षांत घडले आहे.

मग बदलले ते काय? मिशिगन राज्याचे उदाहरण घेऊ, कारण तिथे जुने आणि नवे दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. तिथे १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणाची शिकार करायचा हंगाम उघडतो आणि उत्तरेकडच्या कित्येक गावांत त्या दिवशी शाळांना सुट्टी असते. वडील आणि आजोबा मुलाला घेऊन जंगलात जातात, नारिंगी रंगाचे जाकीट सक्तीने घालावे लागते, परवाना काढावा लागतो, त्याआधी सुरक्षिततेचा वर्ग पुरा करावा लागतो. नळी कधी कुठे रोखायची नाही, कुंपण ओलांडताना गोळ्या काढून ठेवायच्या, हे मुलाला बंदूक हातात मिळण्याआधी शिकवले जाते. या संस्कृतीत बंदूक हे वर्षातून काही आठवडे लागणारे हत्यार होते आणि तिच्याभोवती नियमांचे, वडीलधाऱ्यांच्या धाकाचे कुंपण होते. ही संस्कृती आक्रसत गेली आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या साधारण तीनातल्या एका घरात कोणीतरी शिकार करणारे असे. चाळीस वर्षांनी ते प्रमाण जवळपास निम्मे झाले. १९९९ मध्ये बंदूकधारकांना विचारले की बंदूक मुख्यतः कशासाठी, तेव्हा ४९ टक्क्यांनी शिकार सांगितली आणि २६ टक्क्यांनी संरक्षण. २०१३ मध्ये प्यू रिसर्च सेंटरने हाच प्रश्न विचारला, तेव्हा संरक्षण ४८ टक्के आणि शिकार ३२ टक्के, असा आकडा पार उलटला होता. २०२३ च्या पाहणीत संरक्षण हे बंदूक बाळगण्याचे मोठे कारण आहे, असे ७२ टक्के धारकांनी सांगितले. शिकारीची रायफल वर्षभर कपाटात बंद राहिली तरी काही बिघडत नाही. संरक्षणासाठी घेतलेले पिस्तूल मात्र भरलेले आणि हाताशी हवे, असे धारकाला वाटते, आणि घरातला खरा धोका तिथून सुरू होतो.

आता नवी पिढी. १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. त्यानंतर जन्मलेल्या अमेरिकी मुलाला गोळीबाराच्या सरावाशिवायची शाळा ठाऊकच नाही. गेली काही वर्षे देशातल्या जवळजवळ सर्व सरकारी शाळांत असा सराव होतो. बालवाडीतली मुले दिवे मालवलेल्या वर्गात, खिडकी आणि दारापासून दूरच्या भिंतीला टेकून, एकमेकांना चिकटून बसतात. बाई दाराला कुलूप लावतात, दाराच्या काचेवर कागद लावतात आणि बाहेरून कोणी मूठ हलवून पाहिली तरी आवाज करायचा नाही, हे मुलांना समजावतात. पाच वर्षांच्या मुलाला मारेकऱ्यापासून लपायला शिकवणारी पिढी याआधी त्या देशात झाली नव्हती. १३ फेब्रुवारी २०२३ ला मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार होऊन तीन विद्यार्थी गेले. त्या रात्री वसतिगृहात दडून बसलेल्यांत अशी मुले होती की ज्यांनी शाळकरी वयात असाच एक गोळीबार आधी पाहिला होता. या अनुभवातून आलेली माणसे बंदुकीच्या विरोधात जातील, असे आपण गृहीत धरतो. काही जातातच. पण भीतीची दिशा एकच नसते. आपल्याला कोणी वाचवायला येणार नाही, हा धडा ज्याने लहानपणी गिरवला, तो मोठेपणी कायद्याची मागणी करील किंवा स्वतःसाठी पिस्तूल विकत घेईल. दोन्ही शक्य आहे, आणि दोन्ही घडते आहे.

याचा पुरावा करोनाच्या काळातल्या खरेदीत आहे. जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे ७५ लाख अमेरिकी प्रौढ आयुष्यात पहिल्यांदा बंदुकीचे मालक झाले, असा अंदाज एका मोठ्या अभ्यासात निघाला. त्यांतल्या जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक प्रत्येकी पाचवा हिस्सा. बंदूकधारक म्हटला की गावाकडचा, मध्यमवयीन, गोरा पुरुष डोळ्यांपुढे येतो. हे नवे मालक त्या चित्रात बसत नाहीत. साथीने धास्तावलेले, रस्त्यावरच्या दंगलींनी आणि द्वेषाच्या हल्ल्यांनी हादरलेले असे हे लोक आहेत. लष्करी धाटणीच्या रायफलींवर बंदी असावी का, या प्रश्नावरही गेल्या दहा-बारा वर्षांतल्या अनेक पाहण्यांत तरुणांचा पाठिंबा ज्येष्ठांपेक्षा कमी भरला आहे. हे कळले की पहिल्यांदा धक्का बसतो, पण त्यात नवल नाही. ज्येष्ठांच्या लेखी तशी रायफल म्हणजे युद्धातले शस्त्र, घरात तिचे काम काय, असा त्यांचा साधा सवाल. २००४ नंतर वयात आलेल्यांनी ती दुकानात, जाहिरातीत, शेजाऱ्याच्या गाडीत पाहिली आहे. त्यांना ती नेहमीची वस्तू वाटते. नजरेला सवय झालेल्या वस्तूवर बंदी घालणे दर पिढीला आणखी कठीण होत जाते.

यावर कोणी म्हणेल की कायदे आणखी कडक हवेत का, असा सरसकट प्रश्न विचारला तर तरुण आजही बऱ्याच पाहण्यांत होच म्हणतात, आणि त्यांच्यात बंदूक बाळगणारेही कमी आहेत. दोन्ही खरे आहे. पण तरुणांकडे बंदूक कमी असण्याचे एक कारण अगदी साधे आहे. अमेरिकेत बंदूक सहसा घर, लग्न, मुले यांच्या मागोमाग येते, किंवा वडिलांकडून वारशाने मिळते. बाविशीत खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्याकडे ती नाही, यावरून बेचाळिशीत ती नसेल असे सांगता येत नाही. आणि सरसकट प्रश्नाला मिळालेल्या होकाराची किंमत बेताचीच असते. प्यूच्या २०२३ च्या पाहणीत एकूण ५८ टक्के अमेरिकी नागरिकांनी कायदे कडक हवेत असे सांगितले. संसदेत त्या बहुमताचे काय होते, तो विषय पुढे येईलच. त्याच पाहणीत वयापेक्षा ठळक उठून दिसल्या त्या दुसऱ्या भेगा. स्वतःची बंदूक असलेले रिपब्लिकन ४५ टक्के, तर डेमोक्रॅट २० टक्के. ग्रामीण भागात ४७ टक्के, मोठ्या शहरांत २०. वॉयोमिंगमधला पंचवीस वर्षांचा तरुण आणि बोस्टनमधला पंचवीस वर्षांचा तरुण यांच्यात या प्रश्नावर जेवढे अंतर आहे, तेवढे त्यांचे त्यांच्या आजोबांशी नसते. पिढीच्या नावाने सरसकट बोलले की हे अंतर झाकले जाते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला मान देऊनच उत्तर द्यायला हवे. एकट्या राहणाऱ्या बाईला, वस्तीत रोज गोळीबार ऐकणाऱ्या कुटुंबाला, पोलिसांवर विश्वास ठेवायला जागा नसलेल्या कृष्णवर्णीय नागरिकाला भीती वाटते. ती खोटी कशी म्हणणार? ती खोटी नाहीच. प्रश्न एवढाच की बंदुकीने ती भीती कमी होते की धोका वाढतो. कॅलिफोर्नियात पिस्तूल-खरेदीची सरकारी नोंद राहते. तिच्या आधारे तिथल्या सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांचा बारा वर्षांचा माग काढणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचे प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट निघाले, आणि स्त्रियांत पस्तीसपट. त्याच संशोधकांनी पुढे पिस्तूलधारकासोबत एका घरात राहणाऱ्या, पण स्वतःकडे पिस्तूल नसलेल्या माणसांचा अभ्यास केला. घरातल्या जोडीदाराच्या गोळीने मरण्याचा धोका त्यांना सातपट होता, आणि मरणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. परक्याच्या भीतीने घरात आणलेले शस्त्र घरच्याच माणसावर चालते, ते हे असे. २०२४ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की घरगुती हिंसेबद्दल न्यायालयाने मनाई केलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेणे घटनेला धरून आहे. बंदुकीच्या हक्कावर एरवी ठाम असलेले न्यायमूर्तीही इथे एकत्र आले, याला मी फार महत्त्व देतो.

शाळांतले गोळीबार जगभर बातमी होतात, आणि व्हायलाच हवेत. तरीही अमेरिकेत बंदुकीने जाणाऱ्या बळींत त्यांचा वाटा अगदी थोडा आहे. २०२३ मध्ये तिथे ४६ हजारांहून जास्त माणसे बंदुकीने मेली. त्यांतली २७ हजारांच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त, आत्महत्या होत्या. इथे दोन पिढ्या एकमेकींच्या शेजारी येऊन उभ्या राहतात. आत्महत्येचे सर्वांत जास्त प्रमाण पंचाहत्तरीपुढच्या पुरुषांत आहे आणि त्यांतले बहुतेक बंदूक वापरतात: बायको गेलेली, दुखणे जडलेले, मुले दूरच्या राज्यात, आणि कपाटात शिकारीच्या दिवसांची बंदूक. दुसऱ्या टोकाला, २०२० पासून १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हे आहे. तोवर ती जागा मोटार अपघातांची होती. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या दहापैकी जवळपास नऊ प्रयत्नांत जीव जातो, औषधांच्या गोळ्या घेणारे बहुतेक वाचतात, आणि वाचलेल्यांतले बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत. मनातली ती घटका टळली तर माणूस जगतो. म्हणून खरेदीनंतर बंदूक हातात पडेपर्यंत काही दिवसांची सक्तीची प्रतीक्षा आणि घरात कुलूप, या दोन अगदी साध्या वाटणाऱ्या तरतुदी मला मोठमोठ्या बंद्यांच्या घोषणांपेक्षा मोलाच्या वाटतात. त्यांचा लाभ आजोबा आणि नातू दोघांनाही आहे, आणि त्यांसाठी कोणाची बंदूक काढून घ्यावी लागत नाही.

खरेदीच्या वयाचा वाद मात्र टाळता येणार नाही. पार्कलँडचा मारेकरी १९ वर्षांचा होता आणि त्याने रायफल कायदेशीरपणे घेतली होती. २४ मे २०२२ ला टेक्सासमधल्या युवाल्डीच्या प्राथमिक शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारणाऱ्याने अठरा पूर्ण होताच, काही दिवसांत, दोन रायफली विकत घेतल्या. पिस्तुलाला २१ आणि रायफलीला १८ ही १९६८ ची विभागणी शिकारीच्या काळातली आहे. मुलगा वडिलांबरोबर रायफल घेऊन जंगलात जाई, तेव्हा तिला अर्थ होता. आजच्या रायफलीसाठी ती कालबाह्य झाली आहे. पार्कलँडनंतर महिन्याभरात फ्लोरिडाच्या रिपब्लिकन गव्हर्नरने हे वय २१ करणाऱ्या कायद्यावर सही केली, त्यात तीन दिवसांची प्रतीक्षा आणि धोकादायक व्यक्तीकडून न्यायालयाच्या आदेशाने बंदूक काढून घेण्याची तरतूदही घातली. विरोधक विचारतात की अठराव्या वर्षी मत देता येते, सैन्यात जाता येते, मग बंदूक का घेता येऊ नये? सैन्यातला अठरा वर्षांचा जवान रायफल घरी नेत नाही; ती शस्त्रागारात राहते, मोजून मिळते आणि मोजून परत घेतली जाते. दारूला १९८४ च्या कायद्यानंतर आणि तंबाखूला २०१९ पासून अमेरिकेने २१ वर्षांची मर्यादा मान्य केली आहे, ती याच वयातल्या उतावळेपणाचा विचार करून. न्यायालये मात्र इतिहासात उत्तर शोधत आहेत, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालाने त्यांच्यावर तसे बंधन घातले. १७९२ च्या कायद्यात नागरी सेनेत भरतीचे वय १८ होते, असे एक बाजू सांगते. त्या काळी सज्ञानतेचे वय २१ होते, असे दुसरी. परिणामी २०२५ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने १८ ते २० वयाच्यांना पिस्तूलविक्रीची बंदी घटनाबाह्य ठरवली, दुसऱ्याने तीच वैध ठरवली, आणि तिसऱ्याने फ्लोरिडाचा कायदा उचलून धरला. या खटल्यांत तरुणांच्या वतीने हक्क मागणारे वादी तरुणच आहेत, हेही ध्यानात घ्यावे.

ज्येष्ठांची जबाबदारी काय, याचे उत्तर पुन्हा मिशिगनमध्येच मिळते. ३० नोव्हेंबर २०२१ ला ऑक्सफर्ड गावच्या हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केले. पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवसांपूर्वी त्याच्यासाठी आणले होते. त्या दिवशी सकाळी त्याच्या गणिताच्या कागदावर बंदुकीचे आणि रक्ताचे चित्र पाहून शाळेने आईवडिलांना बोलावून घेतले. ते आले, बोलले आणि मुलाला घरी न नेता निघून गेले. पिस्तूल तेव्हा मुलाच्या दप्तरात होते. दप्तर कोणी उघडले नाही. २०२४ मध्ये दोघाही पालकांना सदोष मनुष्यवधाबद्दल प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलाच्या शाळेतल्या गोळीबाराबद्दल आईवडील असे दोषी ठरण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. गुन्हा घडला तेव्हा घरातली बंदूक मुलांपासून कुलपात ठेवण्याची सक्ती करणारा कायदा मिशिगनमध्ये नव्हता. अशा कायद्यांनी मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती मृत्यू घटतात, याचा पुरावा बंदुकीसंबंधीच्या इतर बहुतेक कायद्यांपेक्षा भक्कम आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न परका राहिलेला नाही. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात जे ३२ जण मारले गेले, त्यांत मूळ भारतातले एक प्राध्यापक आणि मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती. पुण्या-नागपूरहून न्यू जर्सीला किंवा टेक्सासला गेलेल्या आईवडिलांनी बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर. त्यांची मुले शाळेत लपण्याचा सराव करून घरी येतात. एकाच घरातल्या दोन पिढ्यांचा या विषयाशी आलेला संबंध इतका वेगळा आहे. मुलाला मित्राच्या घरी खेळायला पाठवताना ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, ती कुलपात असते का’ असे विचारून घ्या, असे तिथले बालरोगतज्ज्ञ पालकांना सांगतात. आपल्या लोकांना हे विचारायचा संकोच वाटतो, समोरच्याला राग येईल असे वाटते. तो संकोच सोडायलाच हवा. इथे महाराष्ट्रात परवान्याला वयाची अट २१ आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली, तेव्हा आपण निर्धास्त आहोत असे समजू नये. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत रानडुकरापासून शेत राखायला शेतकऱ्याकडे ठासणीची बंदूक असते, निवडणुकीच्या काळात ती पोलीस ठाण्यात जमा होते, आणि तिचे कोणाला भय वाटत नाही. बीड जिल्ह्यात २०२४ च्या अखेरीस शस्त्रपरवान्यांचा प्रश्न पेटला आणि प्रशासनाला शेकडो परवान्यांची फेरतपासणी करावी लागली, तेव्हा दिसली ती कमरेला पिस्तूल लावून व्हिडिओ टाकणाऱ्या तरुणांची हौस. शेत राखण्याच्या बंदुकीकडून दरारा बसवण्याच्या पिस्तुलाकडे, हा प्रवास आपल्याकडेही सुरू आहे. आपल्या परवाना-पद्धतीने तो अजून आवरून धरला आहे, एवढेच.

राहिला प्रश्न अमेरिकी राजकारणाचा. कनेक्टिकटमधल्या सँडी हुक शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये २० लहान मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर चारच महिन्यांनी, खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याची सक्ती वाढवणारे विधेयक सिनेटपुढे आले. त्याला ५४ मते मिळाली, लागत होती ६०. सुमारे ६ लाख वस्तीच्या वॉयोमिंगला दोन सिनेटर आणि ३ कोटी ९० लाखांच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. तरुण वाढले तरी ते राहतात कोणत्या राज्यात आणि मतदानाला उतरतात का, यावर सगळे अवलंबून. २०१४ च्या मध्यावधी निवडणुकीत १८ ते २९ वयाच्या केवळ २० टक्के नागरिकांनी मत दिले होते. पार्कलँडच्या वर्षी ते प्रमाण ३६ टक्क्यांवर गेले, आणि तरीही तीनातले जवळजवळ दोघे घरीच बसले. २०२२ मध्ये युवाल्डीनंतर संसदेने जवळपास तीस वर्षांतला पहिला मोठा कायदा केला, तो दोन्ही पक्षांच्या मुरलेल्या सिनेटरांनी तडजोड करून. त्यात २१ वर्षांखालच्या खरेदीदाराची जास्त कसून तपासणी आली, पण वय वाढले नाही. फ्लोरिडाच्या प्रतिनिधीगृहाने २०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षे खरेदीचे वय पुन्हा १८ वर आणायचे विधेयक मंजूर केले. तिथल्या सिनेटने ते पुढे सरकू दिले नाही, म्हणून कायदा टिकला. मिशिगनमध्ये नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत जवळपास चाळीस वर्षांनी दोन्ही सभागृहे आणि गव्हर्नरपद डेमोक्रॅटांकडे आले, तेही प्रतिनिधीगृहात ५६ विरुद्ध ५४ आणि सिनेटमध्ये २० विरुद्ध १८ अशा निसटत्या बहुमताने. विद्यापीठातल्या गोळीबारानंतर दोन महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये, तिथे बंदूक कुलपात ठेवण्याच्या सक्तीचा आणि सर्व खरेदीदारांच्या तपासणीचा कायदा झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रतिनिधीगृह पुन्हा रिपब्लिकन पक्षाकडे गेले. तोवर कुलपाची सक्ती अमलात येऊन नऊ महिने झाले होते.